युरिया नेमका कोणाच्या पोटात जातो?

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की कोकणातल्या भातखाचरांत एक दृश्य हमखास दिसते. पावसाची रिपरिप चालू असते, खाचरात घोटाभर पाणी असते आणि काखेतल्या टोपलीतून युरियाचे पांढरे दाणे मुठीमुठीने फेकत शेतकरी चिखलातून पुढे सरकत असतो. आठ-दहा दिवसांत फिकट पिवळसर रोपे गर्द हिरवी होतात. बांधावरून पाहणाऱ्याला खताचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

हिशेब मात्र वेगळा आहे. पाण्यावर फेकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच भाताच्या रोपाला मिळते, असे अनेक देशांतल्या भातशेतीतील मोजमापांत दिसले आहे. म्हणजे दहा मुठी फेकल्या, तर तीन-चार मुठी पिकाच्या. बाकीच्या सहा-सात मुठींपैकी थोडे नत्र मातीत मुरते, बरेचसे हवेत उडते आणि काही पाण्याबरोबर वाहून जाते. यातले किती कुठे जाणार, हे मुख्यतः ठरवतात ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. चिमूटभर मातीत ते कोट्यवधींच्या संख्येने असतात.

युरियाबद्दल गावोगाव दोन ठाम मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘युरियाने जमीन मेली.’ दुसरे म्हणते, ‘युरियाशिवाय भात पिकतच नाही.’ मातीतल्या सूक्ष्मजीवांचा गेल्या शंभर वर्षांतला अभ्यास पाहिला, तर दोन्ही मते अर्धवट ठरतात. युरिया माती सरसकट मारत नाही. तो मातीतल्या वस्तीची घडी बदलतो. कोणाला आयते खायला मिळते, कोण काम थांबवतो आणि कोण उधळपट्टी करतो, हे त्याने बदलते. या बदलाचा संबंध शेतकऱ्याच्या खिशाशी आहे, तसाच गावाच्या आरोग्याशीही आहे.

रक्तातला आणि गोणीतला युरिया एकच

युरिया हे नाव डॉक्टरांच्या रोजच्या तोंडी असते. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘ब्लड युरिया’ असे जे लिहिलेले असते, तोच हा पदार्थ. प्रथिनांचे विघटन झाल्यावर उरलेले नत्र यकृत युरियाच्या रूपात बांधते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा सजीवांच्या शरीरातला पदार्थ शरीराबाहेरही बनवता येतो हे दिसून आले. पुढे १९०९ मध्ये फ्रित्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची पद्धत दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आजच्या खताच्या गोणीचे मूळ तिथे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. इतके नत्र देणारे दुसरे कोणतेही घन खत सर्रास वापरात नाही.

भाताचे रोप मात्र युरिया जसाच्या तसा फारसा खात नाही. आधी तो फोडावा लागतो. हे काम युरिएज नावाचे विकर करते आणि ते मातीतले असंख्य जिवाणू तयार करतात. माणसाच्या जठरात राहून अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूही हेच विकर वापरतो. युरिया फोडून तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि जठरातल्या आम्लापासून बचावतो. खाचरातही तेच रसायन घडते. फेकलेला युरिया काही दिवसांतच फुटतो आणि त्याचे अमोनियम होते. इथून पुढे त्या अमोनियमवर अनेकांचा डोळा असतो.

एका खाचरात दोन जगे

भातखाचराची माती इतर शेतांसारखी नसते. चिखलणी करून वर पाणी साठवले की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते. पाण्यातून प्राणवायू अत्यंत सावकाश खाली झिरपतो आणि वाटेतले जिवाणू तो लगेच वापरून टाकतात. त्यामुळे प्राणवायू असलेला मातीचा थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा राहतो. त्याच्या खाली सगळा प्राणवायूविना असलेला करडा, काळपट चिखल. त्यात अपवाद फक्त भाताच्या मुळांचा. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडचा प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि मुळांभोवती प्राणवायूची एक पातळ खोळ तयार होते. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर जो तांबूस गंज दिसतो, ती त्याचीच खूण.

वरच्या पातळ थरात प्राणवायूवर जगणारे जिवाणू असतात. अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू इथलेच. सर्गेई विनोग्रादस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते प्रथम वेगळे करून दाखवले. खालच्या चिखलात राहणारे जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून ‘श्वास’ घेतात आणि त्याचा पुन्हा नत्रवायू करून टाकतात. म्हणजे वरचे शेजारी अमोनियमचे नायट्रेट करतात, ते नायट्रेट पाण्याबरोबर दोन-चार मिलिमीटर खाली सरकते आणि खालचे शेजारी त्याचा वायू करून हवेत सोडतात. पैसे देऊन आणलेले नत्र बुडबुड्यांच्या रूपात परत आकाशात जाते. जपानमध्ये मात्सुसाबुरो शिओइरी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही गळती ओळखली होती आणि खत वर न टाकता मातीत मिसळा, असे सुचवले होते.

दुसरी गळती पाण्यातच होते. युरिया पडल्यावर खाचराच्या पाण्यात हिरवे शेवाळ जोमाने वाढते. दिवसभर उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यामुळे पाण्याचा सामू दुपारपर्यंत ९ च्या वरही चढू शकतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात अमोनियमचे अमोनिया वायूत रूपांतर होते आणि वाऱ्याबरोबर तो निघून जातो. खत टाकल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ही गळती सर्वाधिक असते. म्हणजे युरिया आधी शेवाळाला पोसतो आणि ते शेवाळ उरलेल्या युरियाला उडवून लावते.

आयते मिळाले की कमावणारे थांबतात

युरिया येण्यापूर्वी हजारो वर्षे भात पिकतच होता. त्याच खाचरात, वर्षानुवर्षे, फारसे खत न घालता. हे कसे शक्य होते, याचे एक उत्तर बंगालच्या भातजमिनींचा अभ्यास करणाऱ्या पी. के. डे यांनी १९३९ साली दिले. खाचराच्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र पकडून मातीत साठवते, असे त्यांनी दाखवले. हे खरे तर शेवाळ नसून प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. त्यांच्यापैकी काही अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेचेवर्गीय वनस्पतीच्या पानांत मुक्काम करतात. भाताच्या मुळांभोवतीही नत्र पकडणारे इतर जिवाणू असतात. निळ्या-हिरव्या शेवाळाकडून एका हंगामात हेक्टरी साधारण २० ते ३० किलो नत्र मिळते, असा अंदाज सहसा दिला जातो.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६३ पासून एका शेतात सलग भात घेतला जात आहे. १९६८ पासून तर तिथे वर्षाला तीन पिके निघतात. त्यातल्या काही तुकड्यांना नत्रखत दिलेलेच नाही. तिथे उत्पादन अर्थातच कमी येते, पण पीक दरवर्षी उभे राहते. नत्राचा हा पुरवठा प्रामुख्याने सूक्ष्मजीवांकडून होतो.

मात्र हवेतले नत्र पकडणे हे फार कष्टाचे काम आहे. नत्राच्या एका रेणूतली घट्ट जोडी फोडण्यासाठी जिवाणूला एटीपी या ऊर्जेच्या चलनाचे किमान १६ रेणू खर्च करावे लागतात. शेजारी तयार अमोनियम उपलब्ध असेल, तर इतका खर्च कोण करील? त्यामुळे पाण्यात अमोनियम वाढले की हे जिवाणू नत्र पकडणारी यंत्रणाच बंद करतात. ते मरत नाहीत, फक्त काम थांबवतात. त्याच वेळी तयार नत्रावर वाढणारे साधे हिरवे शेवाळ जोर धरते आणि त्यांना मागे सारते. पाण्यावर युरिया फेकणारा शेतकरी अशा रीतीने एका हाताने नत्र विकत घेतो आणि दुसऱ्या हाताने फुकटचे नत्र बंद करतो.

मग माती मरते का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रासायनिक खताने मातीतले जिवाणू सरसकट मरतात, असे पुरावे सांगत नाहीत. २०१४ साली जगभरातल्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खत न दिलेल्या शेतांच्या तुलनेत रासायनिक खत दिलेल्या शेतांतल्या सूक्ष्मजीवांचे एकूण वजन सरासरी १५ टक्क्यांनी जास्त भरले. भातशेतीच्या स्वतंत्र आढाव्यातही वाढच दिसली. कारण सोपे आहे. खताने पीक वाढते, मुळे वाढतात, धसकटे आणि पेंढा जास्त होतो आणि सूक्ष्मजीवांचे खरे अन्न तेच आहे.

त्याच आढाव्यात इशाराही आहे. ज्या कोरडवाहू जमिनी खतामुळे जास्त आम्लधर्मी झाल्या, तिथे सूक्ष्मजीव घटले. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि वर्षानुवर्षे ते साचते. पाणी साठलेल्या खाचरात सामू आपोआप उदासीनाच्या जवळ येत असल्याने भाताला यापासून बरेच संरक्षण मिळते. पण कोकणातल्या जांभ्या, मुळातच आम्लधर्मी असलेल्या वरकस जमिनींना तसे संरक्षण नाही. तिथे नाचणी-वरीला भरमसाट युरिया देण्याचा परिणाम वेगळा होऊ शकतो.

शिवाय एकूण संख्या वाढली तरी वस्तीची रचना बदलते. अमोनियमचे नायट्रेट करणारे दोन गट मातीत असतात. एक जिवाणूंचा आणि दुसरा आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांचा. आर्किया थोड्या अन्नावर भागवतात, जिवाणूंना ताट भरलेले लागते. भरपूर युरिया दिलेल्या मातीत सहसा जिवाणूंचा गट वरचढ होतो आणि अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की गळतीही वाढते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खत दिलेल्या शेतातही भाताचे रोप जे नत्र शोषते, त्यातला निम्म्याहून अधिक भाग खताचा नसतो. तो मातीतल्या सेंद्रिय पदार्थांतून सूक्ष्मजीवांनी सोडवलेला असतो. नत्राच्या जड समस्थानिकाची खूण लावून केलेल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे पिकाचा खरा स्वयंपाकी मातीतच आहे आणि युरिया ही वरून घातलेली फोडणी. स्वयंपाकघरात शिधाच नसेल, तर फोडणी वाढवून पोट भरत नाही.

ओडिशातल्या कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६९ पासून चाललेल्या प्रयोगातून हाच धडा मिळतो. शेणखत आणि रासायनिक खत एकत्र दिलेल्या वाफ्यांतली माती केवळ रासायनिक खत दिलेल्या मातीपेक्षा सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने अधिक कार्यक्षम राहिली. त्या मातीत सूक्ष्मजीवांचे वजन जास्त आणि विकरांचे काम जोरात होते.

हवेत जाते ते कुठे जाते?

खाचरातून उडणाऱ्या नत्राचा मोठा भाग साध्या नत्रवायूच्या रूपात जातो. हवेत ७८ टक्के तोच असल्याने त्यापासून अपाय नाही, नुकसान फक्त पैशांचे. पण जिवाणूंची साखळी अर्धवट राहिली, तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शस्त्रक्रियागृहात भुलीसाठी वापरला जाणारा ‘हसवणारा वायू’ तो हाच. वातावरणात तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो आणि ओझोनच्या थरालाही इजा करतो. खाचर सतत पाण्याखाली असते तेव्हा तो कमी निघतो. शेत आलटून पालटून भिजते-वाळते तेव्हा जास्त निघतो.

मिथेनची गोष्ट याच्या उलट. प्राणवायूविना चिखलात काही आर्किया कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन तयार करतात आणि भाताच्या पोकळ खोडांतून तो वर येतो. वाटेत मुळांभोवती मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात. अमोनियम त्यांच्या विकराला अडथळा करते, म्हणून खताने मिथेन वाढत असणार असे बरीच वर्षे मानले जात होते. २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चित्र बदलले. भाताच्या मुळांभोवतीच्या या जिवाणूंनाही वाढीसाठी नत्र लागते आणि ते मिळाल्यावर त्यांचे काम वाढते, असे त्यात दिसले. अमोनियम सल्फेट वापरले तर सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांचे अन्न पळवतात आणि मिथेन कमी होतो. त्यामुळे ‘खत म्हणजे मिथेन’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

अमोनिया वायूचा संबंध थेट फुप्फुसांशी आहे. हवेतल्या आम्लधर्मी वायूंशी संयोग होऊन त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. दमा आणि हृदयविकाराच्या रुग्णांना त्रास देणाऱ्या पीएम २.५ मध्ये या कणांचाही वाटा असतो.

विहीर, डास आणि दवाखाना

नायट्रेट पाण्यात उतरले की प्रश्न घरापर्यंत येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या जवळपास २० टक्के नमुन्यांत हे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्याचा सगळा दोष खतावर किंवा भातावर टाकता येणार नाही. सांडपाणी, शोषखड्डे आणि उकिरडे यांचाही त्यात वाटा आहे. भातखाचरात तर बरेचसे नायट्रेट खालच्या चिखलातच वायू होऊन जाते. ऊस आणि भाजीपाल्याच्या मोकळ्या, हवेशीर जमिनीतून ते खाली झिरपण्याची शक्यता जास्त असते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला असे पाणी पावडरच्या दुधातून मिळाले, तर नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर होतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध प्रथम दाखवला गेला. यातली सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ निघून गेल्याने उलट ते अधिक दाट होते. आईचे दूध हाच बाळासाठी सुरक्षित मार्ग.

डासांचा संबंध मात्र अनेकांना ठाऊक नसतो. तमिळनाडूत मदुराईच्या परिसरातल्या भातखाचरांत संशोधकांनी वेगवेगळी खते देऊन डासांच्या अळ्या मोजल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात युरियासारखी रासायनिक खते दिलेल्या खाचरांत अळ्या स्पष्टपणे वाढलेल्या दिसल्या. केनियातल्या भातशेतीत अमोनियम सल्फेटबाबतही असाच अनुभव आला. खताने पाण्यातले शेवाळ आणि जिवाणू वाढतात आणि डासांच्या अळ्यांचे अन्न तेच. भातखाचरात वाढणारे क्युलेक्स जातीचे डास जपानी मेंदूज्वराचा प्रसार करतात. महाराष्ट्रात या आजाराचे रुग्ण पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात आढळले आहेत. युरियाने मेंदूज्वर होतो असा याचा अर्थ अजिबात नाही. डुकरे, पाणपक्षी, डास आणि लसीकरण असे अनेक दुवे या साखळीत आहेत. पण पाण्यावर खत कसे टाकले जाते, हाही त्यातला एक छोटा दुवा आहे.

औषध तेच, मार्ग वेगळा

वैद्यकात औषधाइतकेच महत्त्व मात्रेला आणि ते देण्याच्या मार्गाला असते. इन्सुलिन तोंडावाटे दिले तर पोटातच पचून जाते, त्वचेखाली दिले तर काम करते. युरियाचेही तसेच आहे. पाण्यावर पडला तर शेवाळाचा आणि वरच्या थरातल्या जिवाणूंचा, खोल चिखलात ठेवला तर भाताचा.

याच तत्त्वावर कोकणात मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली ‘चारसूत्री’ भातशेती उभी आहे. त्यातले पहिले सूत्र भाताचे तूस आणि पेंढा यांचा पुन्हा वापर. दुसरे गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे. तिसरे १५ आणि २५ सेंटिमीटर अंतराची आलटून पालटून नियंत्रित लावणी आणि चौथे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. चार चुडांच्या चौकोनात मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, २.७ ग्रॅमची एक गोळी खोचायची. हेक्टरी अशा ६२,५०० गोळ्या लागतात, म्हणजे सुमारे १७० किलो. त्यांतून मिळणारे नत्र साठ किलोच्या आतच असते. फेकून देण्याच्या पद्धतीत शिफारस सर्वसाधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्राची असते.

गोळी खोल गेल्यावर सूक्ष्मजीवांच्या जगात काय होते, ते पाहण्यासारखे आहे. तिथे प्राणवायू नाही, म्हणून नायट्रेट करणाऱ्यांचे काही चालत नाही. नायट्रेट नाही, म्हणून त्याचा वायू करणाऱ्यांनाही खाद्य नाही. अमोनियम चिकण मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे त्याच्यापर्यंत पोहोचतात. वर पाण्यात अमोनियम फारसे येत नाही, म्हणून निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र पकडण्याचे काम चालू ठेवते. त्याच वेळी गिरिपुष्पाचा पाला आणि पेंढा मातीतल्या स्वयंपाक्यांना शिधा पुरवतात. कोकणात पाणी एका खाचरातून खालच्या खाचरात उतरत जाते आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी वाहून न जाणाऱ्या खताची किंमत वेगळी सांगायला नको. बांगलादेशातही अशा ‘गुटी युरिया’चा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला.

अडचणी आहेतच. वाकून हजारो गोळ्या खोचणे हे कंबर मोडणारे काम आहे आणि ते बहुतेक वेळा लावणी करणाऱ्या बायकांच्याच वाट्याला येते. मजूर मिळत नाहीत, गोळ्या वेळेवर दुकानात नसतात. फार वालुकामय, पाणी धरून न ठेवणाऱ्या जमिनीत गोळीतले नत्र खाली झिरपून जाऊ शकते. उलट ४५ किलोची युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे २४२ रुपये अधिक कर इतक्या किमतीत मिळते. इतक्या स्वस्त वस्तूची उधळपट्टी न करण्याचे कारण शेतकऱ्याला एरवी सापडत नाही.

२०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देणे बंधनकारक झाले, त्यामागेही सूक्ष्मजीवांचेच गणित आहे. निंबातले कडू घटक अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात. पण आवरण असलेला युरियाही पाण्यावर फेकला, तर अमोनियाची गळती फारशी थांबत नाही. निंबाने एक दार लोटून घेतले जाते, दुसरे उघडेच राहते.

गोळी शक्य नसेल, तरी करण्यासारखे बरेच आहे. युरिया एकदम न देता लावणी, फुटवे आणि लोंबी धरण्याची वेळ अशा तीन हप्त्यांत द्यावा. खत टाकण्यापूर्वी खाचरातले पाणी कमी करावे, बांधाचे तोंड बंद करावे आणि खत चिखलात कालवावे. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर एक-दोन दिवस थांबावे. पानांच्या हिरवेपणाशी जुळवून पाहण्याची प्लॅस्टिकची रंगपट्टी मिळते. पान पुरेसे हिरवे असेल तर पुढचा हप्ता लांबवता येतो. गर्द काळपट हिरवे भात हे सुदृढ भाताचे लक्षण नाही. जास्त नत्राने लुसलुशीत झालेल्या पिकावर करपा आणि तुडतुडे लवकर येतात, मग फवारणी आली आणि फवारणीबरोबर फवारणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्नही आला.

शेतातल्या या सगळ्या बदलांना एक-दोन हंगाम द्यावे लागतात. मातीतली वस्ती एका पावसाळ्यात बिघडत नाही, तशी एका पावसाळ्यात सुधारतही नाही. यंदा एखाद्या लहान खाचरात गोळ्या खोचून आणि गिरिपुष्पाचा पाला गाडून पाहावे, शेजारच्या खाचरात नेहमीप्रमाणे युरिया फेकावा आणि झोडणीनंतर दोन्हीकडचे भात वेगवेगळे मोजावे. गोणीवर झालेल्या खर्चातले किती आपल्या कणगीत आले आणि किती शेवाळाच्या पोटात गेले, ते घरच्या वजनकाट्यावरच कळेल.